‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: हा नकार डेटाबेसचा नसतो

आपल्याच संगणकावर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस यांसारखे डेटाबेस सॉफ्टवेअर बसवलेले असते, काल संध्याकाळपर्यंत सगळे सुरळीत चाललेले असते, आणि आज सकाळी ॲप्लिकेशन सुरू करताच पडद्यावर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, म्हणजे ‘जोडणी नाकारली’, असा संदेश येतो. अशा वेळी कोणी पासवर्ड तपासू लागतो, कोणी नवा युजर तयार करतो, तर कोणी वैतागून डेटाबेसच काढून टाकतो आणि पुन्हा बसवतो. पहिल्या दोन उपायांचा या संदेशाशी काडीमात्र संबंध नाही. तिसऱ्याने कधी कधी काम होते, पण बिघाड कुठे होता हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. मुळात हा नकार डेटाबेसने दिलेलाच नसतो. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने दिलेला असतो, आणि आपल्याकडे कोणी येऊन गेले याचा डेटाबेसला पत्ताही नसतो.

असे का होते, हे समजण्यासाठी टीसीपी जोडणीचा, म्हणजे नेटवर्कवर दोन प्रोग्राम ज्या नियमांनी एकमेकांशी जोडले जातात त्या जोडणीचा, पहिला क्षण पाहायला हवा. एका संगणकावर अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालू असतात. त्यांच्यातील नेमक्या कोणाशी बोलायचे आहे हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक १६ बिटांचा असल्याने तो ६५५३५ पर्यंत जाऊ शकतो. मायएसक्यूएल सहसा ३३०६ वर आणि पोस्टग्रेस ५४३२ वर असते. जोडणी मागणारा प्रोग्राम ‘सिन’ नावाचे छोटे पॅकेट पाठवतो. ते हाती येताच कर्नेल आपल्या नोंदी चाळतो आणि या पोर्टवर कोणी ऐकत बसले आहे का, एवढेच पाहतो. कोणी असेल, तर होकाराचे पॅकेट जाते. कोणीच नसेल, तर ‘रीसेट’ हे नकाराचे पॅकेट जाते. बंद फ्लॅटची चौकशी करणाऱ्याला सोसायटीच्या वॉचमनने खालूनच परत पाठवावे, तसा हा प्रकार आहे. हा नियम सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात नोंदलेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची जागा आरएफसी ९२९३ ने घेतली, पण या नियमात फरक पडलेला नाही. रीसेट पोहोचताच लिनक्स त्रुटी क्रमांक १११ दाखवते, मॅक ६१ दाखवते आणि विंडोज १००६१.

या एका उत्तरातून बरेच काही हाती लागते. उत्तर आले, म्हणजे पत्त्यावर कोणते तरी जिवंत यंत्र नक्कीच आहे. फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या पहारेकरी प्रोग्रामने, पॅकेट गुपचूप गिळून टाकले असते, तर नकारही आला नसता. लिनक्सने नेहमीच्या मांडणीनुसार तेच पॅकेट आणखी अनेक वेळा पाठवले असते, वाट पाहण्याचा काळ वाढवत नेला असता, आणि सुमारे दोन मिनिटांनी ‘टाइम्ड आउट’ म्हणून हात टेकले असते. (काही फायरवॉल पॅकेट गिळण्याऐवजी उघड नकार देतात, तेव्हा मात्र संदेश ‘रिफ्यूज्ड’ असाच दिसू शकतो. आपल्याच संगणकातल्या जोडणीत असे फारच क्वचित घडते.) पासवर्ड चुकला असता, तर मायएसक्यूएलने १०४५ या क्रमांकासह ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हटले असते, आणि ते म्हणण्यासाठी आधी जोडणी पूर्ण व्हावी लागते. म्हणूनच काही बदल केल्यावर १११ च्या जागी १०४५ दिसू लागला, तर निराश होण्याचे कारण नाही. आता कुठे डेटाबेस स्वतः बोलू लागला आहे.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कोणी ऐकत का नाही? सर्व्हर बंद पडला आहे, हे सर्वांत साधे कारण. डिस्क भरली, कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये एखादी ओळ चुकली, अशा कारणांनी तो सुरू होता होताच थांबतो, आणि त्याचे कारण लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलच्या, शेवटच्या काही ओळींत जवळजवळ नेहमीच लिहिलेले असते. पुढची पायरी म्हणजे ऐकत असलेल्या पोर्टांची यादी काढणे. लिनक्सवर ‘एसएस’ आणि विंडोजवर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ते काम करते. मायएसक्यूएल ठीक चालले असेल, तर त्या यादीत बहुधा ‘लिसन ० १५१ १२७.०.०.१:३३०६’ अशा धाटणीची ओळ सापडते. यातला १५१ हा आकडा दाराशी ताटकळणाऱ्या जोडण्यांच्या रांगेची मर्यादा आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो शेवटचा भाग, म्हणजे पत्ता आणि पोर्ट, आणि तो अक्षर न् अक्षर वाचायला हवा.

पोर्टची गफलत चटकन लक्षात येत नाही. उबुंटूवर पोस्टग्रेसची नवी आवृत्ती जुनी न काढता बसवली, तर ५४३२ आधीच व्यापलेला असल्याने नवी आवृत्ती निमूटपणे ५४३३ घेते. पुढे जुनी बंद केली, की ५४३२ वर कोणीच उरत नाही. सर्व्हर धडधाकट असतो आणि ॲप्लिकेशनला मात्र नकार मिळत राहतो.

पत्त्याची गफलत याहून फसवी असते, आणि तिचे मूळ ‘लोकलहोस्ट’ या नावात आहे. हे नाव म्हणजे ‘हाच संगणक’. ते १२७.०.०.१ या जुन्या पद्धतीच्या पत्त्याकडेही नेते आणि आयपीव्ही६ या नव्या पद्धतीतील त्याच्या जोडीदार पत्त्याकडेही. नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम. २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या १७ व्या आवृत्तीने या दोन पत्त्यांचा क्रम स्वतः लावणे सोडून दिले आणि प्रणाली देईल तोच क्रम पाळायला सुरुवात केली. परिणामी अनेक ठिकाणी आयपीव्ही६ चा पत्ता आधी आला, आणि डेटाबेस फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असल्याने कालपर्यंत चालणाऱ्या कोडला अचानक नकार मिळू लागला. ॲप्लिकेशनमध्ये नावाऐवजी थेट १२७.०.०.१ लिहिले, की ही अडचण मिटते.

मायएसक्यूएलने यात स्वतःची भर घातली आहे. लिनक्सवर त्याच्या कमांड लाइन क्लायंटला ‘लोकलहोस्ट’ सांगितले, तर तो टीसीपीच्या वाटेला न जाता डिस्कवरील एका सॉकेट फाइलमार्फत, म्हणजे त्याच संगणकावरील प्रोग्रामांना जोडणाऱ्या खास फाइलमार्फत, सर्व्हरशी बोलतो. जावामध्ये लिहिलेले ॲप्लिकेशन मात्र टीसीपीनेच येते. त्यामुळे टर्मिनलमध्ये डेटाबेस झकास उघडतो आणि ॲप्लिकेशनला नकार मिळतो, असे कोडे उभे राहते. पासवर्ड विसरल्यावर परवानग्यांची तपासणी बंद करून सर्व्हर सुरू करण्याची युक्ती अनेकांना माहीत असते; आवृत्ती ८ पासून असे केले, की मायएसक्यूएल सुरक्षेसाठी नेटवर्कचे दारच लावून घेते. लॉगमध्ये ‘पोर्ट: ०’ दिसले, तर प्रकार हाच आहे.

डॉकर, म्हणजे प्रोग्रामांना ‘कंटेनर’ नावाच्या वेगवेगळ्या बंदिस्त कप्प्यांत चालवणारे साधन, वापरणाऱ्यांची अडचण थोडी निराळी असते. प्रत्येक कंटेनरला स्वतःचे वेगळे नेटवर्क असते, आणि १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतःच. ॲप्लिकेशन एका कंटेनरमध्ये आणि डेटाबेस दुसऱ्यात असेल, तर ‘लोकलहोस्ट’वर दुसऱ्याला शोधण्यात अर्थ नसतो, तिथे डेटाबेसच्या सेवेला कंपोज फाइलमध्ये, म्हणजे कंटेनरांची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये, दिलेले नावच पत्ता म्हणून वापरावे लागते.

या सगळ्यावर एक रामबाण उपाय हमखास सुचवला जातो: सर्व्हरला ०.०.०.० वर, म्हणजे संगणकाच्या प्रत्येक नेटवर्क जोडणीवर ऐकायला लावा. नकार बऱ्याचदा त्याने थांबतोही, पण हा सल्ला मला उतावीळपणाचा वाटतो. पोस्टग्रेस मुळात फक्त ‘लोकलहोस्ट’वर ऐकते, ते उगाच नव्हे. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे पडलेले, मोंगोडीबी या दुसऱ्या एका डेटाबेसचे हजारो सर्व्हर पुसून खंडणी मागितली गेली, आणि त्याच वर्षी आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून मोंगोडीबीही आपणहून ‘लोकलहोस्ट’पुरतेच ऐकू लागले. डॉकरमध्ये पोर्ट उघडताना नुसते ‘३३०६:३३०६’ लिहिले, तर तो सर्व पत्त्यांवर उघडतो, आणि उबुंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलचे नियमही त्याला अडवत नाहीत. डेटाबेस आपल्याच संगणकापुरता हवा असेल, तर त्या आकड्यांच्या आधी १२७.०.०.१ आणि एक अपूर्णविराम (:) जोडावा.