अमेरिकेत छोटं गन शॉप काढायचंय? लायसन्स, कागदपत्रं आणि दुकान नेमकं कशावर चालतं

आधी व्हिसाचं बघा, कारण आपल्यातले बरेच जण तिथेच अडकतील. एच-१बी, एल-१ किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर हा विचार सध्या बाजूला ठेवा. नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक बाळगायलाच फेडरल कायद्याने बंदी आहे, हंटिंग लायसन्सवाल्यांना सूट मिळते पण तिच्या भरवशावर धंदा उभा करायला जाऊ नका. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर पुढे वाचा.

बंदुका विकायच्या लायसन्सला एफएफएल (फेडरल फायरआर्म्स लायसन्स) म्हणतात, १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टखाली एटीएफ ही फेडरल संस्था ते देते. दुकानाला टाइप ०१ लागतं, त्यात विक्री आणि रिपेअरिंग दोन्ही आलं. फी पहिल्या ३ वर्षांची २०० डॉलर, नंतर दर ३ वर्षांनी रिन्यूअल ९० डॉलर. वय २१ पूर्ण हवं, गंभीर गुन्ह्याची किंवा घरगुती हिंसाचाराची शिक्षा झालेली नसावी, ड्रग्ज घेत नसावेत. गांजा तुमच्या राज्यात चालत असला तरी फेडरल कायद्यात तो चालत नाही, हे लक्षात असू द्या.

अर्ज म्हणजे फॉर्म ७. त्यासोबत फोटो आणि बोटांच्या ठशांचं कार्ड जातं, आणि हे फक्त मालकाचं नाही, पार्टनर असो की बायको, धंद्याचे निर्णय घेण्याचा अधिकार ज्याला ज्याला आहे त्या प्रत्येकाचं लागतं. अर्जाची एक कॉपी तुमच्या भागातल्या पोलीस चीफला किंवा शेरीफला पाठवायची. मग एटीएफचा इन्व्हेस्टिगेटर समोरासमोर बसून इंटरव्ह्यू घेतो, जागा बघतो. अर्ज सगळा नीट भरलेला असेल तर साधारण ६० दिवसांत निकाल येतो. नकार आला तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत हिअरिंग मागता येते, ती मुदत चुकवू नका.

आता जागा. फी भरायच्या आधी सिटी किंवा काउंटीच्या झोनिंग ऑफिसला जाऊन त्या पत्त्यावर बंदुका विकायला परवानगी आहे का ते विचारा, घरातून करायचं असेल तर एचओएचे (म्हणजे तिथल्या घरमालकांच्या सोसायटीचे) नियमही वाचा. राज्याचं वेगळंच. टेक्सासमध्ये डीलरला राज्याचं स्वतंत्र गन लायसन्स लागत नाही, पण कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय इथे राज्याची परवानगी वेगळी काढावी लागते. सेल्स टॅक्स परमिट वगैरे नेहमीचं आहेच. कार्ड पेमेंटचं मात्र आधीच बघून ठेवा, पेपल आणि स्क्वेअर यांच्या नियमांत बंदूकविक्री बसत नाही, त्यामुळे असा धंदा घेणारी कार्ड पेमेंटची कंपनी शोधावी लागते.

इथपर्यंतचं कुणालाही जमेल. दुकान टिकतं की बंद पडतं ते पुढच्या रोजच्या कामावर, आणि माझ्या मते ते काम म्हणजे वही आणि नाही म्हणायची तयारी. आलेली प्रत्येक बंदूक त्यानंतरचा कामकाजाचा दिवस संपायच्या आत रजिस्टरमध्ये चढली पाहिजे, गेलेली ७ दिवसांत. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून फॉर्म ४४७३ (खरेदीदाराच्या माहितीचा फॉर्म) भरून घ्यायचा आणि बॅकग्राउंड चेक लावायचा. एकाच माणसाने ५ कामकाजाच्या दिवसांत २ किंवा जास्त हँडगन घेतल्या तर वेगळा रिपोर्ट. माल चोरीला गेला किंवा हरवला तर कळल्यापासून ४८ तासांत कळवायचं. ट्रेसची चौकशी, म्हणजे एखादी बंदूक तुम्ही कुणाला विकली अशी विचारणा, आली तर २४ तासांत उत्तर. एटीएफ वर्षातून एकदा वॉरंटशिवाय येऊन तपासणी करू शकते, त्यामुळे रविवारी बसून आठवड्याचं एकदम लिहू असं चालतच नाही.

आणि नाही म्हणणं. फॉर्म एक जण भरतोय आणि कुठली बंदूक घ्यायची ते दुसराच बोट दाखवून सांगतोय, असं दिसलं की विक्री थांबवा. याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, २०२२ पासून त्यासाठी वेगळा फेडरल गुन्हा आहे आणि १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बॅकग्राउंड चेक क्लिअर आला तरी संशय असेल तर डीलरला नकार देता येतो. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एकाच दुकानातून बंदूक घेऊन आठवडाभरात ३ जणांनी आत्महत्या केली, त्यानंतर तिथल्या दुकानदारांनी सार्वजनिक आरोग्यवाल्यांसोबत बसून गन शॉप प्रोजेक्ट सुरू केला, खचलेलं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, काउंटरवर मदतीची माहिती कशी ठेवायची वगैरे. मला हे लायसन्सइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण काउंटरवरच्या माणसाला समोरचा चेहरा दिसतो, कॉम्प्युटरवरच्या चेकला दिसत नाही.

पैशाचं म्हणाल तर नव्या बंदुकीवर मार्जिन कमी असतं. छोट्या दुकानाला आधार असतो तो जुन्या मालाचा, रिपेअरिंगचा, साफसफाईच्या सामानाचा आणि ऑनलाइन घेतलेली बंदूक गिऱ्हाइकाच्या नावावर करून द्यायच्या ट्रान्सफर फीचा. तसं नुसती काडतुसं विकायला फेडरल लायसन्स लागत नाही, काही राज्यांत मात्र लागतं.

धंदा बंद करायचा झालाच तर रजिस्टर आणि सगळे ४४७३ घरी ठेवता येत नाहीत, पुढे दुसरा लायसन्सवाला चालवणार नसेल तर ३० दिवसांत एटीएफकडे जमा करावे लागतात.