प्रोटॉन पंप आणि वनस्पतींचे कर्बग्रहण

वनस्पतीपेशीच्या पटलात राहून एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, पलीकडे ढकलणाऱ्या प्रथिनांना प्रोटॉन पंप म्हणतात. पेशीद्रव्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ७.५ च्या आसपास आणि पेशीभित्तिकेतला सुमारे ५.५ राहतो, तो मुख्यतः यांच्यामुळे. कार्बन डायऑक्साइडला हे पंप स्वतः वाहून नेत नाहीत, तरी तो पेशीला किती मिळणार हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरते. कोकणात भातखाचर, बागायत आणि खाडी एकमेकांना लागून असल्याने या पंपांची निरनिराळी कामे एकाच गावच्या शिवारात सापडतात.

भाताच्या पानात कार्बन डायऑक्साइड पर्णरंध्रांतून शिरतो. सूर्यप्रकाशातील निळे किरण फोटोट्रॉपिन ही प्रकाशग्राही प्रथिने टिपतात. त्यानंतर रंध्राच्या कडेच्या रक्षक पेशींतील पंपावर फॉस्फेट चढते, १४-३-३ नावाचे प्रथिन त्याला चिकटते आणि पंप जोरात चालू लागतो. पेशीचा आतला भाग अधिक ऋणभारित झाला की पोटॅशियम आत येते, मागोमाग पाणी येते, पेशी फुगतात आणि रंध्र उघडते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी-चिनी संशोधनात भातातील असा एक पंप वाढवल्यावर मुळांचे नत्रशोषण व पानांचे प्रकाशसंश्लेषण दोन्ही वाढले, आणि शेतातले उत्पन्नही ३० टक्क्यांहून अधिक वाढले. खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, मात्र उधाणाने बांधाला खांड पडली, की याच पंपाला सोडियम बाहेर काढण्यासाठीही राबावे लागते. शिवाय क्षारांच्या ताणाने रंध्रे मिटतात. खाऱ्या जमिनीतले भात खुरटण्यामागे हेही एक कारण आहे.

अननस व पानफुटी रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात. रिक्तिकेच्या, म्हणजे पेशीतील साठवणीच्या पिशवीच्या, पटलावरील वेगळे पंप प्रोटॉन आत भरतात, त्या जोरावर मॅलिक आम्ल साठते आणि दिवसा त्यातून कार्बन डायऑक्साइड परत मिळतो. पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागते, हे निरीक्षण बेंजामिन हाइन यांनी भारतात केले. ते १८१५ मध्ये छापले गेले.

खरी कसोटी पाण्याखाली लागते. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो. त्यातील असेंद्रिय कर्बाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एक टक्काही भरत नाही, आणि तो पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. बायकार्बोनेट भारित असल्याने पटलातून सहज जात नाही. अनेक समुद्रतृणे, म्हणजे समुद्रात वाढणाऱ्या गवतासारख्या सपुष्प वनस्पती, यावर उपाय म्हणून प्रोटॉन बाहेर सोडून पेशीभित्तिका आम्लधर्मी करतात. तेथे कार्बोनिक अनहायड्रेज या विकराच्या मदतीने बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि लगेच आत झिरपतो. पाण्यात ट्रिससारखे उभयरोधी (सामू सहज बदलू न देणारे) द्रव्य मिसळून हे आम्ल मारले, तर अशा जातींचे प्रकाशसंश्लेषण घटते. पंपाच्या सहभागाचा हा महत्त्वाचा पुरावा आहे.

कोकणच्या खाड्यांत, कांदळवनापुढच्या चिखलावर हॅलोफिला बेकारी हे इवलेसे समुद्रतृण वाढते. जागतिक स्तरावर ते असुरक्षित जातींत गणले जाते. कांदळवनाइतके लक्ष त्याच्याकडे जात नाही, आणि ते जायला हवे. समुद्रतृणांच्या पंपाला लागणारे एटीपी अखेर प्रकाशातूनच मिळते. म्हणून खाडीचे पाणी गढूळ झाले, की प्रकाशसंश्लेषणाबरोबर बायकार्बोनेट वापरण्याची त्यांची क्षमताही कमी पडू शकते.