रफ स्केच वेगळं, फिगर स्टडी वेगळा

रेनेसाँसमधली (युरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या आसपासची) पेन-शाईची चित्रं बघताना आपण सरसकट सगळ्यालाच स्केच म्हणून मोकळे होतो, पण त्यात दोन वेगळ्या जाती आहेत, एक म्हणजे रचना शोधतानाचं पहिलं खरडणं आणि दुसरा नीट बसून केलेला फिगर स्टडी, म्हणजे माणसाच्या शरीराचा चित्रातून केलेला अभ्यास. सामान दोन्हीकडे तेच, पिसाची लेखणी आणि मायफळ-हिराकसाची शाई (हो, बाळगुटीतलंच मायफळ). ही शाई सहज खोडता येत नाही, त्यामुळे फसलेली रेघही कागदावर तशीच राहते.

खरडण्यासाठी लिओनार्दोची मांजरवाली मॅडोना (म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी) बघा, 1480 च्या आसपासची, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बाळाने मांजर कवटाळलंय आणि मांजर सुटायला धडपडतंय. मेरीचं डोकं कुठे वळवायचं हे ठरत नाहीये तर पठ्ठ्याने दोन्ही डोकी काढून ठेवलीत, रेघांवर रेघा चढल्यात, कागद उलटा करून पलीकडून तीच रचना उलट बाजूने गिरवलीय आणि वर ब्रशने पातळ शाई फिरवलीय. अवयव लवकर घोटून पक्के करू नका, कवी ओळी खोडतो तसं करा, असं त्याने लिहूनच ठेवलंय. मला तर त्याच्या कितीतरी पेंटिंगपेक्षा हा गिचमिड कागद जास्त आवडतो.

आता मायकेलअँजेलो. फ्लोरेन्सच्या सभागृहासाठी 1504 मध्ये त्याला काशिनाच्या लढाईचं भित्तिचित्र मिळालं, नदीत आंघोळ करणारे सैनिक अचानक इशारा मिळून धावपळ करतात असा प्रसंग. त्यासाठी काढलेला, बसून मागे वळणारा नग्न पुरुष बघा, हाही ब्रिटिश म्युझियममध्येच. इथे पोज आधीच ठरलीय, प्रश्न एवढाच की असं वळल्यावर पाठीचा कुठला स्नायू फुगतो आणि उजेड कुठे पडतो. म्हणून आडव्या-उभ्या रेघांची जाळी, घट्ट, न चाचपडता.

म्हणजे गिचमिड ते कच्चं आणि सफाईदार ते पक्कं असं नाही, तो स्टडीही तयारीच होता, आणि भिंतीवरचं चित्र तर झालंच नाही.

पण यावरून लिओनार्दो खरडणारा आणि मायकेलअँजेलो घोटणारा असं समजू नका, दोघंही दोन्ही करायचे. एवढंच की, त्याच काळातला चित्रकार आणि कलाकारांचा चरित्रकार वासारी सांगतो की 1564 मध्ये मरण्याआधी मायकेलअँजेलोने आपली बरीच ड्रॉइंग्ज जाळून टाकली, आपण किती झगडलो हे कुणाला दिसू नये म्हणून.