काइची शाळा, मात्सुमोतो

जपानच्या नागानो प्रांतातील मात्सुमोतो शहरातली जुनी प्राथमिक शाळा. ‘काइची’ म्हणजे बुद्धीची कवाडे उघडणे. एप्रिल १८७६ मध्ये पूर्ण झालेली ही दुमजली लाकडी इमारत पुढे जागेवरून हलवण्यात आली. आज तेथे शिक्षणविषयक संग्रहालय आहे.

१८७२ च्या शिक्षणकायद्यानंतर १८७३ मध्ये शाळा सुरू झाली, ती बंद पडलेल्या एका बौद्ध मठात. नव्या इमारतीला सुमारे ११,००० येन लागले. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारणारी होती, तरी जवळजवळ ७० टक्के पैसा गावकऱ्यांनी वर्गणीतून उभा केला. उरलेल्या खर्चाला मोडलेल्या मठाच्या जुन्या सामानाचाही हातभार लागला.

बांधणारा तातेइशी सेइजू हा गावचाच सुतारमिस्त्री. तोक्योला जाऊन त्याने पाश्चात्त्य धाटणीच्या इमारती निरखल्या आणि आपल्या हातच्या कसबाने तसे रूप घडवले. कोपऱ्यांवर घडीव दगड दिसतात, पण ते दगड नव्हेत. चुन्याच्या गिलाव्याला दिलेला तो आकार आहे. माथ्यावर अष्टकोनी मनोरा, दर्शनी भागात कोरीव ड्रॅगन आणि त्याच्या वर शाळेच्या नावाची पाटी धरलेली दोन पंखवाली बालके. ही बालके त्याने तोक्योच्या एका वृत्तपत्राच्या शीर्षचित्रावरून घेतली. या शैलीला नुसती नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. न पाहिलेला देश आपल्या पटाशीने समजून घेण्याची ती धडपड आहे.

मूळ शाळा मेतोबा नदीच्या काठी होती. पाठीवर तान्हे मूल बांधून येणाऱ्या, दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या मुलींसाठीही येथे वेगळा वर्ग चालत असे. सुमारे ९० वर्षे या इमारतीत मुले शिकली. १९५९ च्या पुरानंतर नदीपात्राच्या सुधारणेचे काम निघाले आणि इमारत हलवणे भाग पडले. १९६१ मध्येच तिला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळालेला असल्याने पाडून टाकण्याचा प्रश्न नव्हता. १९६३-६४ मध्ये ती सुटी करून मात्सुमोतो किल्ल्याच्या उत्तरेला पुन्हा जोडण्यात आली आणि त्याच वेळी तिला १८७६ चे रूप परत देण्यात आले. १९६५ मध्ये संग्रहालय उघडले.

२०१९ मध्ये तिला ‘राष्ट्रीय संपदा’ घोषित करण्यात आले. आधुनिक काळातील शाळेच्या इमारतीला हा मान प्रथमच मिळाला. भूकंपापासून बचावाच्या कामासाठी २०२१ पासून बंद असलेली ही वास्तू नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली.