डॉलर, युरो आणि तुमचं मार्जिन
निर्यात करणाऱ्या कारखान्यांच्या मालकांसाठी आणि अकाउंटंटसाठी आमच्या शनिवारच्या वर्गाची माहिती

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. डॉलर पुढच्या महिन्यात कुठे जाणार, हे या वर्गात शिकवत नाही. आम्हाला ते कळत असतं तर कोल्हापुरात माहितीपत्रकं छापत बसलो नसतो.

मग शिकवतो काय? तुमच्या मालाचे पैसे नेमक्या कोणत्या दिवसापासून दराच्या हेलकाव्यावर असतात, तो दिवस ओळखायला शिकवतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतीतले बहुतेक जण या प्रश्नाला "माल गेला की" असं उत्तर देतात. ते चूक आहे.

एक कास्टिंगची ऑर्डर घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. मार्च महिन्यात जर्मनीच्या ग्राहकाला ४०,००० युरोचं कोटेशन दिलं. त्या दिवशी युरो ९० रुपये, म्हणजे हातात येणार ३६ लाख. फाउंड्रीचं मार्जिन धरा ८ टक्के, म्हणजे २ लाख ८८ हजार. पीओ, म्हणजे खरेदीची पक्की ऑर्डर, आली मे महिन्यात. पॅटर्न, सॅम्पल, मंजुरी असं करत माल बोटीवर चढला ऑगस्टमध्ये. पेमेंट बीएलच्या (माल बोटीवर चढल्याच्या पावतीच्या) तारखेपासून ९० दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबर. तोवर युरो ८७ रुपये ५० पैसे झाला. बँकेत ३५ लाख जमा. भट्टी नीट चालली, रिजेक्शन नाही, गाडी वेळेवर गेली, तरी एक लाख कमी. मार्जिनचा तिसरा हिस्सा गेला आणि अकाउंटंटने त्याची नोंद केली ती वर्षअखेरीला, 'एक्स्चेंज डिफरन्स' या एका ओळीत.

जोखीम कोटेशनच्याच दिवशी सुरू झाली होती, कारण युरोतला भाव त्या दिवशी बांधला गेला. मार्च ते मे ऑर्डर येईल की नाही याची खात्री नाही, म्हणून तेव्हा फॉरवर्ड बुक करणं, म्हणजे पुढच्या तारखेचा दर बँकेशी आधीच बांधून घेणं, अंगाशी येऊ शकतं. त्या काळासाठी कोटेशनवरच मुदत आणि दराची अट टाकायची असते. मे ते नोव्हेंबर ऑर्डर पक्की असते, तेव्हा फॉरवर्डचा उपाय. हा फरक कळला की निम्मा अभ्यासक्रम झाला. आमचे पहिले चार शनिवार यातच जातात.

फॉरवर्डबद्दल एक गैरसमज नेहमी भेटतो. समजा डॉलर ८६ असताना बँक सहा महिन्यांनंतरचा दर साधारण ८६ रुपये ८६ पैसे देते, तेव्हा मालक म्हणतात, "बँकेलाच वाटतंय डॉलर चढणार." बँकेला तसं काही वाटत नसतं. रुपयावर साडेसहा टक्के आणि डॉलरवर साडेचार टक्के व्याज असेल, तर वर्षाचा फरक २ टक्के, सहा महिन्यांचा १ टक्का, आणि ८६ रुपयांचा १ टक्का म्हणजे ८६ पैसे. हा प्रीमियम व्याजाच्या फरकातून येतो, भविष्यातून नाही. निर्यातदाराला तो मिळतो, आयातदाराला मोजावा लागतो. विद्यापीठाच्या पुस्तकात याला व्याजदर समतोल म्हणतात आणि त्यावर एक अख्खं प्रकरण असतं. आम्ही ते फळ्यावर पाऊण तासात करतो, पण प्रत्येकाकडून स्वतःच्या ऑर्डरचा आकडा घालून करून घेतो.

पीसीएफसी, म्हणजे निर्यातीचा माल तयार करायला बँक परकीय चलनात देते ते कर्ज (पॅकिंग क्रेडिट), घेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. वरच्या ऑर्डरवर २८,००० युरो पीसीएफसी उचललं, लगेच रुपयांत बदललं आणि भंगार, पिग आयर्न घेतलं. ग्राहकाचे युरो आले की त्यातूनच कर्ज फिटणार. म्हणजे २८,००० युरोचा दर आजच ठरून गेला, उघडे राहिले फक्त १२,०००. तरीही कित्येक ठिकाणी पूर्ण ४०,००० चा फॉरवर्ड बुक केलेला असतो. एका डोक्यावर दोन छत्र्या. पुढे युरो चढला की जादाचा फॉरवर्ड रद्द करायला खिशातून पैसे जातात आणि खापर मात्र फॉरवर्डवर फुटतं.

बँकेच्या दराबद्दल थोडं. ५०,००० डॉलर आले आणि काही न विचारता कार्ड रेटने, म्हणजे बँकेच्या ठरलेल्या छापील दराने, जमा झाले, बाजारभावापेक्षा ४० पैसे कमी मिळाले, तर २०,००० रुपये गेले. कुणी चोरले नाहीत, आपण विचारलं नाही एवढंच. डॉलर-रुपयासाठी क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचं एफएक्स-रिटेल हे व्यासपीठ ऑगस्ट २०१९ पासून आहे. तिथे छोट्या ग्राहकालाही बाजाराचा दर दिसतो, बँकेचं शुल्क वेगळं कळतं. नोंदणी कशी करायची, बँकेच्या डीलिंग रूमला (जिथे चलनाचे दर ठरतात) फोनवर काय विचारायचं, याचा सराव वर्गातच होतो. पहिल्यांदा बोलताना बहुतेकांचा घसा कोरडा पडतो. हरकत नाही.

ईईएफसी, म्हणजे निर्यातीची कमाई परकीय चलनातच ठेवायच्या, खात्यावर डॉलर 'चढेपर्यंत' ठेवू म्हणणाऱ्यांसाठी: या खात्यावर व्याज मिळत नाही, आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम वापरली गेली नाही तर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावी लागते. आयातीचं बिल भरायचं असेल तर खातं उत्तम, सट्ट्यासाठी निरुपयोगी.

एलसी (ग्राहकाच्या बँकेची पैसे देण्याची हमी), इन्कोटर्म्स (भाडं, विमा, जोखीम कुणाकडे हे ठरवणाऱ्या अटी), ईसीजीसी या सरकारी कंपनीचा पैसे बुडण्यावरचा विमा यांना प्रत्येकी एक शनिवार. एलसीत बँक माल बघत नाही, कागद बघते. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कागद तपासायला तिला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात. पॅकिंग लिस्टवर वजन एक आणि बीएलवर दुसरं, एवढ्यावर पेमेंट अडकतं आणि मग ग्राहक सूट मागायला मोकळा. निर्यातीचे पैसे आणण्याची मुदत वर्षानुवर्षे नऊ महिने होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती पंधरा केली. बँकेच्या यादीत जुनी शिपिंग बिलं (कस्टम्सकडे भरलेले निर्यातीचे कागद) पैसे आल्याची नोंद न होता उघडी पडली असतील तर ती मिटवण्याचं कामही शिकवतो. कंटाळवाणं आहे, पण करावं लागतं.

परदेशात कंपनी काढायची असेल तर? पुण्याच्या भारत फोर्जने २००३-०४ च्या सुमाराला जर्मनीतली फोर्जिंग कंपनी घेतली. असं झालं की ताळेबंदातच युरो येऊन बसतो, आणि मग चलन रूपांतर, ट्रान्सफर प्रायसिंग (आपल्याच दोन कंपन्यांनी एकमेकींना लावायचा भाव), दोन देशांतला कर हे प्रश्न उभे राहतात. त्याची ओळख शेवटच्या दोन शनिवारी करून देतो. प्रत्यक्ष काम आमचं नाही, त्यासाठी चांगला सीए गाठा. ज्यांना बँकेच्या बाजूने हा विषय शिकायचा आहे त्यांनी आयआयबीएफ या बँकिंग शिकवणाऱ्या संस्थेची परकीय चलन व्यवहारांची परीक्षा द्यावी. आमच्या वर्गातून त्याची तयारी होत नाही.

'शून्य खर्चाचं' कवच, म्हणजे फी न घेता दराच्या हेलकाव्यापासून वाचवतो म्हणणारा करार, विकायला कुणी आलं तर सही करण्याआधी आम्हाला एक फोन करा. २००७ मध्ये रुपया वधारून डॉलर चाळिशीच्या खाली गेला तेव्हा निर्यातदार घाबरले होते. आमच्यातला एक जण तेव्हा एका कारखान्यात अकाउंटंट होता. माल जायचा डॉलरमध्ये आणि अशा कवचाचा कागद होता स्विस फ्रँकचा. अठ्ठावीस पानं, इंग्रजी, शुक्रवारी संध्याकाळी आलेली. मालकांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान डोलावली. पुढचं वर्षभर त्या कारखान्यात बोनसचा विषय निघाला नाही. आता तो वर्गात त्या कागदाची नावं खोडलेली झेरॉक्स वाटतो आणि विचारतो, "यात तुमच्या ऑर्डरचं चलन कुठे दिसतंय?"

वर्ग बारा शनिवार, संध्याकाळी ५ ते ७.३०. शनिवार मुद्दाम ठेवला आहे, चलनबाजार बंद असतो आणि कुणी सारखा मोबाइल बघत नाही. एका तुकडीत बाराच जण. मालक आणि अकाउंटंट दोघे मिळून आले तर एकाचीच फी घेतो. एकटा अकाउंटंट शिकून जातो आणि मालक ऐकत नाहीत, हे आम्ही फार पाहिलं आहे.

पहिल्या दिवशी येताना गेल्या वर्षातली तीन निर्यात बिलं आणा, त्यांची कोटेशनं, आणि पैसे जमा झाल्याच्या बँकेच्या ॲडव्हाइस. ग्राहकाचं नाव झाकलंत तरी चालेल. तारखा झाकू नका.