सुंजाताची गाथा आणि 'नामू'चा हुंकार

पश्चिम आफ्रिकेतील मांदे समाजात राजघराण्यांच्या वंशावळ्या आणि पराक्रम मुखोद्गत ठेवण्याचे काम 'जेली' या वंशपरंपरागत गायकांकडे असते. फ्रेंच लेखनातून त्यांना 'ग्रियो' हे नाव मिळाले. १३व्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाता केताविषयी १४व्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दूनच्या ग्रंथात थोडक्यात उल्लेख सापडतो, पण पांगळा सुंजाता, गोरखचिंचेच्या पाल्यासाठी सवतीचे टोमणे ऐकणारी त्याची आई आणि लोखंडी कांबीच्या आधाराने त्याचे उठून उभे राहणे, हे सारे जेलींनीच जपले.

वसाहतकाळातील अधिकाऱ्यांनी या कथेचे तुकडे टिपले, तरी तिला मान मिळाला तो १९६० साली गिनीचे इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी मामादू कुयाते या जेलीच्या तोंडून ऐकलेली कथा फ्रेंच गद्यात छापली तेव्हा. पुढच्याच वर्षी बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी, नीट पारखून घेतल्यास मौखिक परंपराही इतिहासाचे साधन ठरते, अशी मांडणी केली. १९७० मध्ये मानवशास्त्रज्ञ रूथ फिनेगन यांनी आफ्रिकी मौखिक वाङ्मयाचा पहिला विस्तृत आढावा घेतला. मात्र महाकाव्य तिथे जवळजवळ नाहीच, हे त्यांचे मत नायजेरियाचे अभ्यासक इसिडोर ओकपेव्हो यांनी १९७९ मध्ये सविस्तर खोडून काढले, आणि हे खंडन योग्यच होते.

युगांडाचे भाषाशास्त्रज्ञ पिओ झिरिमू यांना तर 'ओरल लिटरेचर' हा शब्दच खटकला, कारण 'लिटरेचर'च्या मुळाशी अक्षर आहे. म्हणून त्यांनी 'ओरेचर' हा शब्द घडवला. (मराठीला ही अडचण नाही, 'वाङ्मय' मुळातच वाणीचे.)

पण शब्द बदलला तरी कागदाची मर्यादा उरतेच. जेली गात असताना शेजारी बसलेला एक जण प्रत्येक ओळीला 'नामू', म्हणजे 'होय', असा हुंकार देतो आणि त्यावर गाण्याची लय तोलली जाते. नियान यांच्या ओघवत्या गद्यात तो हुंकार नाही. अमेरिकी लोकसाहित्य-अभ्यासक जॉन विल्यम जॉन्सन यांनी मात्र १९६८ मध्ये मालीतील किता येथे गायलेली फा-दिजी सिसोको यांची गाथा ओळीओळीने छापताना हे हुंकारही कंसात ठेवले, त्यामुळे गाणाऱ्याइतकाच ऐकणाराही पानावर आला.

मालीतील कांगाबा येथे दर सात वर्षांनी कामाब्लोन या पवित्र घराचे छप्पर नव्याने शाकारले जाते, तेव्हा केला गावचे जेली आत बसून मांदेचा इतिहास गातात. त्या गायनाचे ध्वनिमुद्रण करू दिले जात नाही.