म्हातारचळ, वात आणि रात्रीचा वॉर्ड : डिमेन्शियाच्या पेशंटला दवाखान्यात जागा का नाही, त्यामागची गोष्ट

आजीचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास खाकी ड्रेसमधला वॉचमन जास्तीच्या नातेवाइकांना बाहेर काढायला वॉर्डात आला आणि आजी किंचाळली, "रझाकार आले, लेकरं बळदात घाला!" रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी. तिचा जन्म १९३९ चा, निजामाच्या हैदराबादवर भारत सरकारची पोलीस ॲक्शन झाली १९४८ ला, म्हणजे नऊ वर्षाची असताना जे बघितलं ते त्या रात्री तिच्यासाठी खरंच चालू होतं. सलाईन ओढून काढली, रक्त आलं, मग तिचे दोन्ही हात पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधले आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. मी खाली, पास एकाचाच होता. सकाळी तिच्या मनगटावर वळ होते आणि ती माझ्याकडं बघून म्हणली, "कुणाचा रे तू?"

तेव्हापासून मी हे वाचत बसलोय की दवाखान्यात असं का होतं. सिस्टर वाईट होती म्हणून झालं नाही, चाळीसेक पेशंटला ती एकटी होती. डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाणारा हा आजार, मुळात जनरल दवाखान्याचा म्हणून कुणी कधी धरलाच नाही, हे त्याचं कारण आहे.

आपल्याकडं त्याला म्हातारचळ म्हणतात, "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देतात. आणि हे फक्त आपलंच अडाणीपण नाही बरं का, युरोपातही बरीच वर्षं हेच होतं. १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई नवऱ्यानं आणून ठेवली, तिला आलोइस अल्झायमर या डॉक्टरनं तपासलं. ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती, काय खाताय विचारलं तर म्हणाली पालक. १९०६ ला ती गेली, अल्झायमरनं तिचा मेंदू तपासून त्यात दिसलेल्या बदलांची माहिती त्याच वर्षी मांडली आणि १९१० मध्ये क्रेपेलिन या मनोविकारतज्ज्ञानं आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. पण झालं काय, की हे नाव कमी वयातल्या पेशंटपुरतंच राहिलं, म्हाताऱ्या माणसाला तेच झालं तर ते "वय झालं" यातच जमा. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी म्हाताऱ्यांच्या मेंदूत तेच बदल दाखवले आणि मग हळूहळू तो आजार आहे हे मान्य झालं. साठ वर्षं गेली यात.

तोपर्यंत असे पेशंट जायचे वेड्यांच्या इस्पितळात, नाहीतर घराच्या मागच्या खोलीत. आपल्या भागात तर पहिलीही सोय जवळ नव्हती. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, चारपैकी मराठवाड्यात एक नाही. हैदराबाद राज्यातून निघून १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, त्याच वर्षी औरंगाबादचं मेडिकल कॉलेज म्हणजे घाटी सुरू झालं, अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकात, नांदेडचं १९८८, लातूरचं २००२. म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसाचा विसरभोळेपणा डॉक्टरपुढं येतो तो पडल्यावर, न्यूमोनिया झाल्यावर, लघवी तुंबल्यावर. ऑर्थोच्या नाहीतर मेडिसिनच्या वॉर्डात.

आणि तिथं गेल्यावर बिघडतं ते वेगळंच. ज्याला आपण "वात झाला, बरळायलीय" म्हणतो त्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात, एकदोन दिवसात अचानक येतं, कमीजास्त होतं आणि त्याला इन्फेक्शन, दुखणं, पाणी कमी पडणं, औषध असलं काहीतरी कारण असतं. डिमेन्शिया असलेल्याला ते लवकर धरतं. मार्टिन रॉथनं १९५५ मध्येच म्हातारपणातले हे वेगवेगळे प्रकार सुटे करून दाखवले होते, पण वॉर्डात अजून दोन्ही एकाच पोत्यात भरतात. मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट म्हणजे अमेरिकेत येल विद्यापीठात शॅरन इनूये यांनी सत्तरीपुढच्या पेशंटवर केलेला अभ्यास, १९९९ ला छापला. केलं काय तर चष्मा-कानाचं मशीन हाताशी ठेवलं, पाणी पाजलं, रोज उठवून चालवलं, आज वार कोणता, आपण कुठं आहोत हे सांगितलं, रात्री उगाच उठवलं नाही. डेलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. आजीचा चष्मा आम्ही "हरवेल" म्हणून घरी ठेवला होता.

इंजेक्शनचंही सांगायला पाहिजे. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं इशारा दिला की डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटला मनोविकाराची नव्या प्रकारची औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, २००८ ला हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधंही त्यात घेतली. कधीच देऊ नये असं नाही, पण विचारायचा हक्क आपल्याला आहे, नेमकं काय टोचलं आणि कशासाठी.

भारतात १९९२ ला केरळमधून अल्झायमर संघटना सुरू झाली, २०१० च्या सुमारास सरकारनं वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला, त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड धरलाय. २०२३ ला आलेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया निघाला, म्हणजे जवळपास ८८ लाख, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त.

इंग्लंडमध्ये २०१४ साली निकी जेरार्ड आणि ज्युलिया जोन्स यांनी जॉन्स कॅम्पेन काढलं. निकीचे वडील जॉन यांना डिमेन्शिया होता, दवाखान्यात घरच्यांना फारसं येऊ दिलं नाही आणि ते फार खालावले, म्हणून मागणी एवढीच की घरच्या माणसाला पेशंटजवळ राहू द्या. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. आपल्याकडं सरकारी दवाखान्यात कॉटखाली चटई टाकून झोपलेली सून, डब्यातली पेज चमच्यानं भरवणारी लेक हे तर कायमचंच. ते गर्दी म्हणून मोजलं जातं, औषध म्हणून नाही, आणि आयसीयूच्या काचेबाहेर तर तेही बंद.

तिसऱ्या दिवशी आत्या आली. तिनं डॉक्टरांशी अर्धा तास वाद घालून रात्रीचा दुसरा पास घेतला, केसपेपरवर लिहून घेतलं की नातेवाईक जवळ ठेवावा आणि हात बांधू नयेत. चष्मा मागवला. वॉचमनलाही रझाकाराचं सांगितलं, तो उदगीरकडचाच, त्याच्या आजोबानं त्याला त्या दिवसांचं सांगितलेलं होतं. मग तो रात्री दारातूनच हाक मारायचा, आत यायचा नाही. आजी त्या रात्री तीन तास सलग झोपली, आत्याचा पदर मुठीत धरून.